पुंजारामच्या कातवाल्या

खुराड्याचं दार उघडण्याआधी पुंजाराम खाकरत असे. रोज, न चुकता. बायामाणसं बसलेल्या घरात शिरताना पुरुषाने द्यावी तशी ती वर्दी होती. मग तो थोडं थांबे आणि आत आवराआवर झाली असेल असा अंदाज घेऊन कडी काढी.

"कोंबड्यायले लाज हाये म्हणे," त्याची बायको वच्छला शेजारणीला सांगे. "मी न्हाणीत असली तं असाच धडधडत येते!"

अंजनगाव सुर्जीच्या कडेला त्यांचा मळा होता. वांगी, मुळे, कांद्याची पात. मुक्कामाला येणाऱ्या एका गोऱ्या साहेबाला पुंजाराम भाजी पुरवी. १९३४ साली साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याने तीन कोंबड्या आणि एक कोंबडा पुंजारामच्या टोपलीत ठेवले. जातीचं नाव त्याने दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा ते पुंजारामच्या कानावरून निसटून गेलं. पण पहिलं अंडं हाती आलं ते गडद तांबूस, पानाला लावलेल्या कातासारखं. अंजनगाव पानमळ्यांचं गाव. नाव शोधावं लागलं नाही. त्या 'कातवाल्या' झाल्या.

दुसऱ्या वर्षी मुंगसाने कोंबडा नेला. पुंजारामने शेजारचा गावठी कोंबडा ठेवून पाहिला. त्या पिल्लांनी मोठं होऊन घातलेली अंडी दुधाच्या चहासारखी निघाली. आणखी एक पिढी, की सगळं पांढरं. जुन्यांपैकी आता एकटी उरली होती जमुना. तिची चाल थेट आपल्या सासूसारखी आहे म्हणून पुंजारामने कौतुकाने सासूचंच नाव तिला दिलं होतं. वच्छला त्यावरून आठ दिवस बोलली नव्हती.

अशात मूर्तिजापूरला शेतीचं प्रदर्शन भरणार होतं. सर्वांत चांगल्या अंड्यांना बक्षीस होतं एक विलायती कोंबडा, त्याच कातवाल्या जातीचा. पंधरा दिवस आधी दवंडीच्या गाडीवरच्या पिंजऱ्यात पुंजारामने तो पाहिला आणि त्याची झोप उडाली. हा मिळाला तर रंग राहील, नाहीतर जमुनेबरोबर जाईल.

त्याने तिची सहा अंडी जमवली. आणि बाजाराला निघणारा माणूस करतो तेच केलं. पहाटे विहिरीवर बसून, नारळाच्या काथ्याने मुळे घासतो तशी ती घासघासून धुतली.

प्रदर्शनात परीक्षक होते जनावरांचे डॉक्टर. त्यांनी एक अंडं उचललं, त्यावरचे फिकट ओरखडे निरखले, ओल्या रुमालाने पुसलं. रुमाल तपकिरी झाला.

"पान खातोस?"

"खातो जी."

"घरी कात असतो?"

"असते जी."

"मंग झालं की!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि मांडव हसला.

"माह्या कोंबडीचा रंग हाये जी तो! मीनं काहून लावू?"

"मग कोंबडी आण. प्रदर्शन परवापर्यंत आहे. माझ्यासमोर अंडं घालू दे."

पुंजारामने अंजनगावला जाणाऱ्या छोट्या आगगाडीच्या गार्डाजवळ घरी निरोप धाडला: जमुनेला लगेच घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी दुपारी वच्छला गाडीतून उतरली. एका काखेत कोंबडी होती आणि मागे वच्छलाची आई, थोरली जमुना, गाठोडं सावरत येत होती.

"ह्यायले काहून आणलं?" पुंजाराम कुजबुजला.

"तुमीच नावं ठेवली नं एकसारखी? गार्ड म्हणे जमुनेले आण. मंग कोणती थे मले का मालूम! दोघी आणल्या."

कोंबडी गवतावर बसवली. भोवती शंभर माणसं वाकून पाहत राहिली. ती उठे, फिरे, पुन्हा बसे. दिवस मावळला, अंडं नाही. प्रदर्शनाचा शेवटचा दिवस उजाडला. डॉक्टर घड्याळ पाहू लागले.

थोरली जमुना गावची सुईण होती. आता तिने पदर खोचला.

"काय पायता रे मेल्यायहो? तुमच्या मायनं असं बाजारात बसून जनलं का तुमाले? हटा सारे!"

मांडव रिकामा झाला. डॉक्टर जागचे हलले नाहीत.

"मला पाहावं लागेल, बाई."

"डाक्टर हाये म्हणून रायजा. पण तोंड तिकडे करा. मी सांगन तवा पायजा."

डॉक्टर पाठ करून उभे राहिले, हातात टोपी. पुंजाराम मांडवाबाहेर फेऱ्या मारत होता. वच्छला त्याला म्हणाली, "माह्या पाच बाळंतपणायले इतके नाही फिरले तुमी." तो आणखी एक फेरी मारून आला.

"पायजा आता!" आतून हाक आली.

डॉक्टर वळले. अंडं ओलं होतं, उन्ह लागलेल्या चिंचोक्यासारखं चमकत होतं. त्यांनी हलकेच बोट फिरवलं. बोट तपकिरी झालं. ते त्यांनी रुमालाला पुसलं आणि म्हणाले, "धुवायचं नसतं रे वेड्या. रंग वरवरचा असतो, ताजा असताना निघतो आणि पाण्याने घासला तरी निघतो."

पिंजऱ्यातला कोंबडा पुंजारामच्या हाती आला, तेव्हा टाळ्या वाजवायला थोरली जमुना, वच्छला आणि मांडवाचा चौकीदार एवढेच होते.

दोन वर्षांत टोपलीतली अंडी पुन्हा गडद झाली. पुढे परतवाड्यापासून दर्यापूरपर्यंतची माणसं उबवायला अंडी मागत आली. पुंजाराम देई, पण आधी घरचा गावठी कोंबडा दुसरीकडे पाठवल्याची शपथ घ्यायला लावी. कुणी हसलं तर अंडी परत टोपलीत.

१९४९च्या हिवाळ्यात तो दुपारी मळ्यात खाटेवर पडला आणि उठला नाही. त्याच्या थोडं आधी शेजारची माणिकबाई अंडी मागायला कुंपणाशी आली होती. डोळे न उघडताच तो तिला म्हणाला, "परवा ये वं माणिके. आज कोंबडी खुडूक बसली हाये, हात लावू देऊन नाही राहिली."