पान सतरा ते बत्तीस

आमच्या देवासच्या मराठी मंडळींना पुस्तकांचं प्रेम फार. इतकं, की वाचून वाचून ती झिजवावीत असं आमच्या मनातसुद्धा येत नाही. हे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला लिहीत नाही. मी स्वतः मंडळाचा कार्यवाह आहे, आणि जे सांगणार आहे त्यात माझा वाटा कुणापेक्षा कमी नाही.

गोष्ट अक्कांची आहे. त्या कुणा एकाच्या अक्का नव्हेत, सगळ्या मंडळाच्या. वय बहात्तर, उंची जेमतेम पाच फूट, आणि कुणी पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं की आवाज थेट देवीच्या टेकरीवर जाईल असा. वडील संस्थानच्या थोरल्या पातीत, म्हणजे थोरल्या राजघराण्याकडे, दप्तरी कारकून होते. संस्थान गेलं, दप्तर गेलं, वडिलांचं पुस्तकांचं कपाट तेवढं राहिलं. अक्कांनी ते मंडळाला दिलं आणि कपाटापाठोपाठ स्वतःलाही देऊन टाकलं. एकतीस वर्षं त्या सकाळच्या बसनं हाटपिपल्याच्या सरकारी शाळेत जाऊन हिंदीतून गणित शिकवत, आणि संध्याकाळी सहाला परत येऊन मंडळाच्या वाचनालयाचं कुलूप उघडत. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "हाटपिपल्याच्या बसमध्ये मला एकच सीट मिळते."

मला मराठी लिहायला त्यांनीच शिकवलं. रविवारी सकाळी, चिमटे काढून. आज कारखान्यात दिवसभर हिंदी बोलून घरी आल्यावर मी चार ओळी मराठीत लिहू शकतो, ती त्या चिमट्यांची पुण्याई.

गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेत मंडळाचे अध्यक्ष उदाजीराव यांनी वाचनालयाच्या खोलीचा विषय काढला. उदाजीराव जुन्या सरदार घराण्यातले, आता ट्रॅक्टरची एजन्सी चालवतात. माणूस वाईट नाही, पण रिकामी खोली दिसली की त्यांना चैन पडत नाही. एक कोचिंग क्लास ती खोली मागत होता.

"अक्का, वर्षभरात किती मुलांनी पुस्तक नेलं?" त्यांनी विचारलं.

"दोघांनी," अक्का म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, गणिताच्या बाई पडल्या.

ठराव झाला. एक वर्षाची मुदत. मुलं पुस्तकं नेऊ लागली तर खोली राहील, नाही तर क्लासला जाईल. अक्का त्या दिवशी घरी गेल्या त्या माझा हात धरून. दोन खोल्यांच्या त्यांच्या घरात ना मूलबाळ, ना टीव्ही. ती वाचनालयाची खोली गेली तर संध्याकाळी सहा वाजता ह्या बाईनं जायचं कुठे, ह्या विचारानं मला खरंच भरून आलं.

आठ दिवसांत त्यांनी तोड काढली. आपल्याकडे लग्नाचं बोलावणं अजूनही अक्षत देऊन करतात. कुंकू लावलेल्या तांदळाचे दोन दाणे हातावर ठेवले की आमंत्रण पक्कं, आणि दिलेली अक्षत कुणी परत करत नाही. अक्कांनी ठरवलं, पुस्तकाचंही बोलावणं करायचं. ज्या मुलाला पुस्तक आवडेल त्यानं दुसऱ्या मुलाच्या घरी जायचं, हातावर अक्षत ठेवायची, पुस्तक द्यायचं आणि म्हणायचं, "अवश्य वाचावे." घेणाऱ्यानं पंधरा दिवसांत वाचायचं, शनिवारी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, आणि अक्षत पुढे द्यायची. पुस्तकं इतिहासाची आणि साहसाची, कारण किल्ले, घोडे, तलवारी म्हटलं की पोरं येतात.

पहिली अक्षत अक्कांनीच दिली, माझ्या घरी येऊन, श्रेयसला. श्रेयस माझा भाचा, तेरा वर्षांचा. पुस्तक अक्कांच्या वडिलांच्या कपाटातलं. मुखपृष्ठ गेलेलं, वर खाकी कागद, नाव कुठेच नाही, म्हणून गोष्टीवरून सगळे त्याला हरकाऱ्याचं पुस्तक म्हणत. धारच्या किल्ल्यातून एक हरकारा, म्हणजे निरोप्या, खलिता घेऊन निघतो, घाट उतरतो, डही गावाच्या बाजूला नर्मदा ओलांडतो आणि दक्षिणेकडच्या फौजेला वेळेवर सावध करतो. अक्कांनी ती गोष्ट अशी सांगितली की मीसुद्धा चहा विसरलो.

मग काय विचारता. श्रेयसनं ते शनिवारी सांगितलं, पुढची अक्षत शिवांगीला दिली, शिवांगीनं चिंटूला, आणि फिरत फिरत ते माझ्या मुलीकडे, उर्वीकडे आलं. वय अकरा, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. श्रेयसच्या हरकाऱ्याकडे घुंगरांची काठी होती. शिवांगीच्या हरकाऱ्याला वाटेत वाघ भेटला. चिंटूच्या हरकाऱ्यानं एकट्यानं तोफ ओढली. उर्वीच्या वेळी नर्मदेत मगर आली, आणि पोरांनी श्वास रोखून धरले. आम्ही मोठी माणसं मागे खुर्च्यांवर बसून माना डोलवत होतो. प्रत्येक मूल किती बारकाईनं वाचतं बघा, प्रत्येकाला त्यात वेगळंच सापडतं! हे वाक्य मी वार्षिक अहवालात घातलं. माझ्याच अक्षरात आहे.

वर्ष संपता संपता रजिस्टरमध्ये एकशे बारा नोंदी झाल्या. उदाजीरावांनी मला फोन केला आणि इकडच्या सवयीनं भैयाचं भिया करत सांगितलं, "भिया, खोली अक्कांचीच. क्लासवाल्याला मी नाही म्हणून टाकतो." सभा दुसऱ्या दिवशी, रविवारी होती.

शनिवारी दुपारी मी आणि अक्का वाचनालयात बसलो होतो. सभेत उर्वीनं हरकाऱ्याच्या पुस्तकातला नदीचा प्रसंग वाचून दाखवावा अशी अक्कांची हौस. त्या पानं चाळू लागल्या आणि सतराव्या पानावर थांबल्या. पुढचं पान उलटेना. एक जाडसर गठ्ठाच उलटला आणि एकदम बत्तिसावं पान आलं.

छापखान्यात एका फर्म्याच्या, म्हणजे सोळा पानं छापलेल्या एका मोठ्या कागदाच्या, घड्या कापायच्या राहून गेल्या होत्या. पानं वरून आणि बाजूनं जोडलेली, जशी यंत्रातून आली तशी. सत्तर वर्षांत त्यांना सुरी लागलेली नव्हती. हरकारा नदीवर पोहोचतो कधी आणि पार होतो कधी, ते सगळं त्या बंद गठ्ठ्यात होतं.

ते पुस्तक अकरा मुलांनी नेलं होतं. अकरा जणांनी ते उभं राहून सांगितलं होतं.

अक्कांनी पुस्तक मिटून ठेवलं. मी घरी गेलो आणि उर्वीला समोर बसवलं. ती आधी रडली, मग चिडली.

"पढ़ा था मैंने, बाबा. दोन पानं. अक्षरं तर येतात ना, हिंदीसारखीच आहेत. पर समझ में कुछ नहीं आता."

"मग सांगायचंस तसं!"

"किसको? तुम्हीच म्हणालात, अक्षत परत करत नाहीत."

"आणि ती गोष्ट?"

"श्रेयस भियाने सांगितली तीच. त्यात मगर माझी."

मी तिला रागावणार होतो, पण कुठल्या तोंडानं? मी तिच्याशी घरात निम्मी हिंदी बोलतो, तिला हिंदी शाळेत घातलं मी, आणि पंधरा दिवस पुस्तक तिच्या दप्तरात होतं तेव्हा ते एकदा उघडून बघायचं मला सुचलं नाही. पोरांनी फसवलं म्हणायची सोय नव्हती. आम्ही त्यांच्या हातावर दाणे ठेवले होते आणि नाही म्हणायची वाट बंद केली होती.

संध्याकाळी मी अक्कांकडे गेलो. "अक्का, उद्या गप्प बसा," मी म्हणालो. "रजिस्टर बोलतंय, तुम्ही बोलू नका. खोली राहिली तर पुढे शिकवता येईल मुलांना. खोलीच गेली तर काय राहिलं?"

त्यांनी रजिस्टरचं पहिलं पान माझ्यापुढे सरकवलं. "पहिली अक्षत कुणी दिली, अजेय?"

"तुम्ही."

"मग मी कुठे वाचलं होतं रे? बाबांनी सांगितली होती गोष्ट, लहानपणी. ऐकलेली गोष्ट मी आयुष्यभर वाचलेली समजत आले. पुस्तक माझ्या कपाटात, माझ्या हाताखाली, आणि पानं बंदच." रजिस्टर मिटत त्या म्हणाल्या, "आणि बाबांनी तरी कुठे वाचलं होतं म्हणा!"

त्या हसल्या, पण डोळे पुसत. इतकी वर्षं पान दुमडलं म्हणून आम्हाला ओरडणारी ही बाई त्या क्षणी मला अगदी लहान दिसली.

सभेत अहवाल मी वाचला. एकशे बारा नोंदींना टाळ्या पडल्या. उदाजीराव ठराव मांडणार तेवढ्यात अक्का उठल्या. त्यांनी मुलांची नावं घेतली नाहीत. "हे पुस्तक मी न वाचता मुलांना दिलं," एवढंच म्हणाल्या, "आणि मुलांनी माझ्यासारखंच केलं. नोंदी खऱ्या आहेत, वाचन खरं नाही." पुस्तक त्यांनी पहिल्या रांगेत दिलं. ते हातोहाती फिरलं. प्रत्येकानं अंगठ्यानं ती पानं उघडायचा प्रयत्न केला, उघडत नाहीत म्हणून मान हलवली आणि पुढे दिलं. तीस-पस्तीस माणसं होती. सुरी आणा, कापून बघू, आत काय आहे ते वाचू, असं एकही जण म्हणाला नाही. मीही नाही.

"अक्का, हे आजच सांगायची गरज होती का?" उदाजीराव खरोखर कळवळून म्हणाले. पण सांगून झालं होतं, आणि ठराव गेल्या वर्षीचाच होता. हात वर झाले. कार्यवाहानं इतिवृत्त लिहायचं असतं, म्हणून माझा हात कामात होता. ही सबब मला आजही पुरते आणि आजही लाज आणते.

खोली क्लासला गेली. कपाट आणि पुस्तकांचे चौदा खोके अक्कांच्या घरी आले. पलंगाखाली, मोरीच्या भिंतीला, देवाच्या फळीखाली, जिथे जागा मिळेल तिथे. पहिल्या शनिवारी त्यांच्याकडे कुणी गेलं नाही. दुसऱ्या शनिवारीही नाही. मुलांच्या आया म्हणाल्या, आता पोरांना तिथे पाठवायची लाज वाटते. अक्का संध्याकाळी सहाला चपला घालून दारात येतात आणि परत आत जातात, असं शेजारच्यांनी मला सांगितलं, आणि मला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या शनिवारी उर्वीनं देवघरातून चिमूटभर तांदूळ घेतले, कुंकू लावलं आणि मला म्हणाली, "चला, मला अक्कांकडे जायचंय."

अक्कांनी दार उघडलं. उर्वीनं त्यांच्या हातावर दाणे ठेवले. "अवश्य वाचावे," ती म्हणाली. "मला वाचून दाखवावे. जे समजणार नाही ते मी विचारीन. रागवायचं नाही."

अक्षत परत करत नाहीत. अक्कांनी खोक्यातून हरकाऱ्याचं पुस्तक काढलं, भाजी चिरायची सुरी आणली, आणि पानं एकेक करून कापली. एकही कडा फाटली नाही. मग त्या वाचू लागल्या. दर ओळीला उर्वी अडवायची. रसद मतलब? उतार मतलब? अक्का हिंदीत सांगायच्या आणि पुढे जायच्या. एक पान व्हायला दहा मिनिटं लागत होती. बाहेर दिवे लागले तेव्हा हरकारा नदीच्या मधोमध होता.

तिथे अक्का थांबल्या.

"मग? पोहोचला ना?" उर्वीनं विचारलं.

अक्कांनी ते पान मनाशी पुन्हा एकदा वाचलं. साठ वर्षं त्यांचा हरकारा नर्मदा पार करत आला होता. त्यांनी ठरवलं असतं तर आजही केला असता. वाचून पाहणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं, मीसुद्धा नाही. पण त्यांनी चष्मा सारखा केला आणि जे छापलं होतं ते वाचलं. पूर होता. नावाड्यानं नाही म्हटलं होतं. हरकाऱ्यानं खलिता दातात धरून उडी घातली, आणि नदीनं त्याला पुन्हा वर येऊ दिलं नाही.

उर्वीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "हमारी वाली अच्छी थी," ती म्हणाली.

"हो," अक्का म्हणाल्या. "माझ्या बाबांचीही."

आम्ही घरी परत आलो. श्रेयस आमच्या ओट्यावर मोबाईल घेऊन बसला होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भिया, तो मेला. नदीतच."

"झूठ! कुणी सांगितलं?"

"लिहिलंय."

श्रेयसनं मोबाईल खाली ठेवला आणि विचारलं, "कौन से पेज पे?"

वर्षभर आम्ही टाळ्या वाजवत होतो. हा प्रश्न आमच्यातल्या एकालाही सुचला नव्हता.