बेचाळीस छातीची बंडी

नूर मोहम्मदला माणसांचा वीट यायचा तो दिवाळी उलटल्यावर. एरवी आलापल्लीच्या नाक्यावरचा हा टेलर मास्तर मोठा गोड माणूस. बायकांचे झंपर असोत की जंगल खात्याच्या शिपायांच्या खाकी चड्ड्या, कुणाला त्यानं कधी परत धाडलं नाही. पण दिवाळी झाली रे झाली, की गावातले सगळे रिकामटेकडे त्याच्या बाकड्यावर येऊन ठाण मांडायचे, आणि तोंडात दुसरा विषयच नाही. पहिलं बोट कोणाचं?

आता हे बोट म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्या रानात लाकूडतोड्यांच्या दोन छावण्या होत्या, एक नाक्यावरची आणि दुसरी पार भामरागडकडच्या जंगलातली. दोन्ही छावण्यांचे कबड्डीचे संघ. दिवाळीनंतर नवे गडी कामाला आले, की त्यांना रांगेत उभं करायचं आणि मागल्या साली हरलेल्या छावणीच्या मुकादमानं सगळ्यांत आधी एकाच्या छातीवर बोट ठेवायचं. ज्याच्यावर बोट पडलं तो त्या छावणीचा झाला, खेळालाही आणि वर्षभर कामालाही. हे पहिलं बोट बदलूनही घेता येई. आपला एक जुना गडी समोरच्याला द्यायचा आणि त्याचं बोट आपण घ्यायचं.

सत्तावन्न साली सिरोंच्याकडून एक नवा गडी आला. दाराच्या चौकटीत मावेना असा. पहिलं बोट होतं भामरागडच्या दसरू मुकादमाचं. झालं! बाकड्यावर निकालही लागून गेला.

"त्या बोटासाठी गुणवंतराव इसरूले देते म्हंतो मी," देवाजी सुपारी कातरत म्हणायचा. हा देवाजी जन्मात एकदा कबड्डी खेळला आणि पहिल्याच चढाईत घोटा मुरगळून घरी गेला. पण बोलायला बसला की नाक्याचा गुणवंतराव मुकादम ह्याला विचारल्याशिवाय पाणीही पीत नसावा, असं वाटे. "इसरूचे गुडघे गेले आता. दोन साल निघंन अजून. आत्ताच देऊन टाकाले पायजे."

हे सगळं इसरूच्या देखत, बरं का! सहा वर्षं ज्याच्या जिवावर नाक्यानं मंडईच्या जत्रेतली कबड्डी गाजवली, तो तिथंच फाटका सदरा घेऊन उभा, आणि हे त्याच्या गुडघ्यांकडे बघून माना हलवणार. नूर मोहम्मदला त्यांची किळस यायची. इसरूची बायको रंभा आठव्या महिन्यात होती. आधीची दोन बाळंतपणं वाया गेलेली. यंदा दवाखान्यातल्या नर्सबाईनं तिला निक्षून सांगितलं होतं, माझ्या नजरेआड जायचं नाही. आणि भामरागडला ना नर्स, ना धड रस्ता. छावणी बदलली की नाक्यावरची झोपडीही नव्या गड्याला जाणार. हे देवाजीला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण त्याला काय त्याचं!

"अरे, थोडी तरी लाज बाळगा," नूर मोहम्मद एकदा मशीन थांबवून म्हणाला. "त्याच्या घरी बाई अवघडून बसली हाय."

"तुमी कपडे शिवा, मास्तर," देवाजी दात काढून हसला. "खेळातलं तुमाले काय समजते?"

आणि इथं नूर मोहम्मद घसरला. वीस वर्षं दोन्ही संघांच्या बंड्या शिवणारा माणूस, त्यालाच हा घोटामोड्या विचारतो काय समजते!

"तुमच्याहून जास्त समजते," तो फणकारला. "कालच गुणवंतरावानं लाल बंड्या सांगितल्या. एक बेचाळीस छातीची. आपल्या संघात हाय का कोनी बेचाळीसचा?"

 देवाजीनं मांडीवर अशी थाप मारली, की सुपारी उडाली. "म्हंजे सिरोंच्यावाल्याचीच बंडी!"

संध्याकाळपर्यंत ते नाक्यावर पसरलं, दुसऱ्या दिवशी लाकडाच्या लॉरीबरोबर रानात पोचलं. तिसऱ्या दिवशी दसरू मुकादम नारळ घेऊन हजर. चौकात माणूस मावेना. दसरूनं नारळ पुढं केला, "घ्या गुणवंतराव, बोट तुमचं. इसरू आमचा." गुणवंतराव आधी बघतच राहिला. पण लोकांनी इतक्या जोरात गलका केला, की नाही म्हणायचं धाडस त्याला झालं नाही. त्यानं नारळ घेतला आणि तिथंच फोडला, म्हणजे सौदा पक्का.

दुपारी तो बंडी न्यायला आला. तिथंच सदरा काढून बेचाळीसची बंडी ढेरीवरून खाली ओढली, आणि आरशात स्वतःला न्याहाळत म्हणाला, "बराबर बसली, मास्तर. यंदा म्या बी लालच घालून पुढं बसन म्हटलं. पोट सुटलं ना लेकाचं! इसरूचं म्हनसान, तर तसं माह्या मनात नोतं. पन सारं गावच बोलून राह्यलं होतं."

नूर मोहम्मदला देवाजीची किळस आली होती ती काहीच नव्हे. आता स्वतःच्या जिभेची शिसारी आली. त्यानं तेव्हाच गुणवंतरावाला गळ घातली, सौदा फिरवा म्हणाला. गुणवंतराव दोन्ही हात जोडून निघून गेला. फोडलेला नारळ कोण परत करतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी छकडा दुकानासमोर थांबला. वर गोधड्यांच्या ढिगात रंभा, दोन्ही हात पोटावर. बाकड्यावर देवाजी होताच, पुढल्या साली इसरू परत येईल की नाही यावर रंगात येऊन बोलत होता. नूर मोहम्मदनं मापाची काठी उचलली आणि सगळ्यांना आईबापावरून शिव्या घालत रस्त्यापर्यंत पिटाळलं.

इसरू पायरीशी आला. रागावलेला नव्हता, तेच वाईट.

"मास्तर, तुमाले आधीच मालूम होतं तर मले एक डाव सांगाचं होतं ना," तो हळूच म्हणाला. "दोन दिस मिळाले असते, तर हिले मुलचेऱ्याले माहेरी तरी पोचवून आलो असतो."

नूर मोहम्मदनं छकड्याकडे बघितलं. रंभा त्याच्याचकडे बघत होती.

"मले काईच मालूम नोतं, इसरू," तो म्हणाला. "म्या नुसता बोललो."