पट्ट्याचा लाल दिवा

परवा मी लेकाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसली, अन् पट्ट्याचा लाल दिवा लागून गाडी टुंगटुंग वाजू लागली. आमचे हे तिथं बसले की अशीच वाजे, पण पट्टा लावतील तर शपथ! "मी बैल आहो का, दावं बांधाले? वाजू दे तिले." त्यांच्या आजारपणात यवतमाळच्या दवाखान्यातून कळंबला परतताना मात्र पट्टा न लावताही गाडी गप्पच. बाहेर पांढराशुभ्र कापूस फुटलेला, आत औषधांचा वास. मी लेकाला म्हटलं, "बरं केलं, दुरुस्त करून आणली." हेच हसले, "दुरुस्त कायची वो! मी बसलो, हे सीटले समजूनच नाही राह्यलं. इतका हलका झालो." परवा लेक म्हणाला, "आई, पट्टा लाव." म्हटलं, "थांब बाबू, थोडं वाजू दे तिले."