प्लस-मायनसच्या दोन पट्ट्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझी चोरून खाल्लेली जिलेबीसुद्धा लपत नाही.

मी मूळचा आमगावचा. दूरच्या एका संशोधन संस्थेत इंजिनिअर होतो. सूर्यात जशी ऊर्जा तयार होते तशी इथे करून पाहायचा आमचा प्रयोग. प्रचंड तापलेला वायू पोकळ कड्यात फिरतो. तो भिंतीकडे सरकला, की भोवतीच्या तांब्याच्या कॉइल चुंबकाच्या जोराने त्याला मागे ढकलतात. त्या कॉइलचे जुने पॉवर सप्लाय काढून आम्ही जास्त ताकदीचे बसवत होतो. माझ्या हाताखाली मोरेश्वर होता — आमच्याकडच्या बिरसी गावचा, कंत्राटी तंत्रज्ञ, मीच तिथे नेलेला. हात असा सफाईदार, की मला हेवा वाटायचा. हो, वाटायचा.

जुना सप्लाय काढताना केबलींना प्लस-मायनसच्या पट्ट्या मी लावल्या. सप्लायच्या कपाटामागे उभा राहून लावल्या, त्यामुळे डावं-उजवं उलटं झालं. मोरेश्वरने पट्ट्या पाहून नवी जोडणी केली. मग थोडा प्रवाह सोडून कॉइलजवळ होकायंत्र धरायचं, सुई कुठे वळते ते बघायचं — दहा मिनिटांचं काम. त्याने आठवणही करून दिली. मी म्हणालो, झालंय. कागदावर सहीसुद्धा ठोकली. का? घाई होती — आणि आपण चुकू असं मला वाटतच नव्हतं.

पहिल्याच प्रयोगात वायू उलट भिंतीवरच ढकलला गेला. भिंतीला आतून लावलेल्या फरश्या जळाल्या.

चौकशीवाले दुपारी येणार होते. कपाट अजून कुणी उघडलं नव्हतं. मोरेश्वर जेवायला गेला आणि मी... मी दोन्ही पट्ट्या सोडवून अदलाबदल केली. केबली तशाच ठेवल्या. आता कुणालाही काय दिसणार? पट्ट्या बरोबर, जोडणारा चुकला.

चौकशीवाल्यांसमोर मोरेश्वरने त्या पट्ट्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग मान खाली घातली. त्याचं कंत्राट संपवलं; मला त्या सहीबद्दल नुसती समज मिळाली, आणि पुढे बढती.

आता तो आमगावात मोटारपंपांचं वाइंडिंग करतो. गेल्या महिन्यात शेतावरचा पंप त्याच्याकडे नेला. एकेक तार तो तीनतीनदा तपासत होता. मी हसून विचारलं, इतकं कशाला?

"माह्या हातावर मलेच भरोसा नाही राहिला जी, भाऊ," तो म्हणाला. "तुमी मले तेथं नेलं, अन् मी तुमचं नाव खराब केलो. आजबी लाज वाटते."

दुकानात तिसरं कुणी नव्हतं. बोलायला काय हरकत होती? चहा निवत होता, तो माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, जाऊ दे रे, होतं असं.

म्हणजे — मी त्याला माफ करून आलो.