गंगेत सोडलेलं कॅनडाचं नाणं

जुनं नाणं घासलं की त्याची किंमत उतरते, हे मी घरीदारी सगळ्यांना ऐकवतो. आणि काशीला दशाश्वमेध घाटावर, मी नाणी जमवतो हे बोलण्यातून कळल्यावर एका अनोळखी आजोबांनी कॅनडाचं काळपट नाणं दाखवलं, तर मीच ते उपरण्याने घासू लागलो!

"राहू द्या, भाऊ." त्यांनी ते हळूच काढून घेतलं. कॅनडात वारलेल्या मुलाच्या अस्थी घेऊन ते आले होते; नाणं त्याच्याच संग्रहातलं. "एवढंच सांगा, खरंच दुर्मीळ आहे?"

"फार. मी फक्त पुस्तकात पाहिलंय."

नाण्यावरच्या राणीच्या चेहऱ्यावरून त्यांचा अंगठा फिरत राहिला. "मी त्याला जन्मभर म्हणालो, भंगार जमवतोस." मग नाणं कपाळाला लावून त्यांनी अस्थींबरोबर सोडलं.

घरी येऊन हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या नाण्यांच्या डब्यांना मीही भंगारच म्हणते. त्यातलं कुठलं गंगेत सोडायचं, तेवढं सांगून ठेवा."