तारा पुढच्या पोरांकडे

कॉलेजच्या प्रदर्शनात भिंतीवरच्या तक्त्यात एक रेघ काढलीय, खालनं वर चढत गेलेली, माझी चिऊ किती शिकली त्याची आहे म्हणे. चिऊ पाच वर्षांची, बोलत नाही, तिला ऑटिझम आहे. कॉलेजातली स्नेहाताई वर्षभर चित्रांची कार्डं घेऊन घरी यायची, तिच्या अभ्यासाचा विषयच तो, आणि चिऊ तहान लागली की पाण्याचं कार्ड हातात द्यायला शिकली. पण रेघ चढता चढता मधेच थांबते. मी विचारलं, "ताई, पुढं?"

"वहिनी, माझं सबमिशन झालं. आता परीक्षा, मग गावी."

शेजारच्या टेबलावर उसाच्या चिपाडाचे पुठ्ठे, तसलेच मातीत पुरलेत, कुजतात का ते पुढच्या वर्षीची पोरं बघणार. पलीकडचा मुलगा एका ताऱ्याचं सांगत होता, त्याचा उजेड कमीजास्त होतो. त्यालाही मी तेच विचारलं, पुढं कोण बघणार? "तारा कुठं पळत नाही वहिनी, आमचीच डिग्री संपते. मग ज्युनिअर बघतात."

ताऱ्याला कुणीतरी आहे, पुठ्ठ्यालाही आहे. पोरगी तर रोज बदलते, मग तिलाच असं मधे का सोडतात, मला कळत नाही, माझी आठवीतनं शाळा सुटलेली.

तेवढ्यात माझं बोट सोडून चिऊनं ताईच्या हातात पाण्याचं कार्ड ठेवलं. ताई लगेच पाणी देत नाही, आधी तिच्याकडं बघते, "पाणी" म्हणते, थांबते. किती थांबते ते मी बघत राहिले, डोळे पुसायलासुद्धा हात उचलला नाही, कारण उद्यापासून मलाच थांबायचंय आणि चुकलं तर सांगणारं कुणी नाही.