आबा, वस्ती खाली कधी आणताय?

आमच्या संस्थेत अहवाल वर्षातून एकदा निघतो, किस्से मात्र रोज निघतात. अहवाल कपाटात जातो आणि किस्से चहाबरोबर पुन्हा पुन्हा बाहेर येतात. परवा कोणीतरी म्हणालं, "अरे, लिहून तरी ठेव!" म्हणून बसलो.

आमचं काम म्हणजे भोर शहर आणि वेल्ह्याच्या वरच्या वाड्यावस्त्यांना पूर, दरड, उन्हाळा यांच्यासाठी आधीच तयार करणं. वैशालीताई आमच्या प्रमुख. पुण्याहून आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. मेहबूबभाई जीप चालवतात, तिसरा मी, भोरचाच. आणि चौथे, पगारावर नसलेले, धोंडीबा आबा. पानशेतच्या वरच्या अंगाला त्यांची धनगरवस्ती आहे, आणि वस्तीच्या डोक्यावरच्या डोंगराला भेग पडलेली. पावसाचा जोर वाढला की सगळ्यांनी खालच्या गावातल्या शाळेत यायचं, एवढंच ताईंचं मागणं. आबांचं उत्तर ठरलेलं, "बघू की!" या 'बघू की'नं ताईंची झोप उडवली होती. माझीही.

*

भोरला नदीकाठच्या आळीत आम्ही भोंगा बसवला. पाणी चढायला लागलं की भोंगा वाजणार आणि लोकांनी वर चौकाकडे पळायचं. चाचणीच्या आदल्या दिवशी रिक्षा फिरवून सगळ्यांना समजावून सांगितलं.

भोंगा वाजला मात्र, आणि अख्खी आळी हंडे, कळश्या, बादल्या घेऊन खाली नदीकडे पळत सुटली! उन्हाळ्यात पाण्याचा टँकर तिथंच उभा राहतो, आणि ड्रायव्हर अगदी असाच हॉर्न दाबून धरतो. मेहबूबभाई जीपच्या टपावर चढून ओरडायला लागले, "अवो वर पळा, वर! पूर आलाय!"

खालून एक काकू ओरडल्या, "येऊ द्या की! आधी हंडा तर भरू द्या!"

*

त्याच आळीत पुराचं पाणी कुठवर चढतं ते कळावं म्हणून घराघरांवर लाल रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी एक काका तावातावानं ऑफिसात हजर.

"शेजाऱ्याच्या भिंतीवर रेघ खिडकीच्या वर, आणि आमची खाली का?"

मी म्हटलं, "काका, तुमचं जोतं उंच आहे. चांगलंच आहे की!"

"चांगलं कसलं? गेल्या पुरात आमचा टीव्ही गेला, त्यांच्याकडं भिजायला होती नुसती चटई. आता रेघ बघून लोक काय म्हणतील?"

ताईंनी त्यांना चहा पाजला, मोजमाप समजावलं. काका बरेच शांत झाले. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "बरं, राहू द्या खाली. पण जरा जाड तरी काढा!"

*

उन्हाळ्यासाठी पत्र्याला पांढरा रंग देण्याची आमची योजना होती. आत उकाडा कमी होतो. पहिला पत्रा रंगवला तो मेहबूबभाईंच्या भावाच्या गॅरेजचा, कापूरहोळला. गॅरेज खरंच गार झालं. ताईंनी खुशीत फोटो काढले.

महिन्याभरानं भाऊ तक्रार घेऊन आला. "ताई, पत्रा परत काळा करून द्या!"

"का? गार होत नाही?"

"लई गार होतंय! गाडी दुरुस्त झाली तरी गिऱ्हाईक उठंना! काल एकजण पंक्चर काढायला आला आन उशी मागत व्हता!"

*

आबांच्या वस्तीवर पहिली बैठक झाली तेव्हा अंगणात रांगोळीनं नकाशा काढला होता. डोंगर, ओढा, भेग, घरं, सगळं झालं. मग ताईंनी प्रत्येक घरात माणसागणिक भाताचा एकेक दाणा ठेवायला लावला. दरड आली तर कुणाला आधी हलवायचं, ते डोळ्यांना दिसावं म्हणून. बायकांनी हौसेनं दाणे मांडले. मग आम्ही सगळे तोंड फिरवून खरी भेग बघत उभे राहिलो.

परत वळून बघतो तर कोंबड्यांनी ओढ्याकडची सगळी घरं साफ केलेली!

आबा नकाशाकडे बघत गंभीरपणे म्हणाले, "ताई, दरडीचं ऱ्हाऊ द्या. ह्ये संकट तुमच्या कागदात हाय का?"

*

मग आबांकडे पाऊस मोजायचं भांडं दिलं. रोज सकाळी किती पाणी साठलं ते फोनवर कळवायचं. आबांना या कामाचा मोठा अभिमान. पाव्हण्यांना भांडं दाखवायचे, पण हात लावू द्यायचे नाहीत.

आषाढात पाऊस असा लागला की भोरमध्ये छत्र्या टिकेनात. आबांचा फोन रोज, "आज काय न्हाई. भांडं कोरडं." ताई चक्रावल्या. डोंगराच्या त्या अंगाला पाऊसच नाही? आम्ही चिखल तुडवत वर गेलो. बघतो तर भांड्यावर प्लॅस्टिकचा कागद, वर सुतळी, आणि सुतळीला चार गाठी.

"आबा, हे काय?"

"नवीन वस्तू हाय ताई. पावसात खराब व्हईल न्हवं का!"

*

दिवाळीनंतर सराव ठेवला, आणि या खेपेला आबांनी चक्क 'येतो' म्हटलं. उन्हाळा गेला की खरा पाऊस, त्याआधी एकदा सगळी वस्ती खाली येऊन बघू दे, म्हणजे अडचणी कळतील. आम्ही शाळेत सतरंज्या घातल्या, खिचडीचं पातेलं चढवलं, गुरुजींनी फळ्यावर 'सुस्वागतम्' लिहिलं. एक माणूस आला नाही. खिचडी थिजली. शेवटी आम्हीच वर गेलो. आबा शेळ्यांना पाला घालत होते.

ताई चिडल्याच होत्या. "आबा, कबूल केलं होतंत ना?"

"तुमी माणसांची सोय केली. जनावरांचं काय?"

"आबा, जीव मोठा की शेळी मोठी?"

आबा म्हणाले, "मंग शेळीत काय जीव नसतो व्हय?"

ही माणसं शेळ्यांसाठी वरच थांबणार आणि एक दिवस डोंगर खाली येणार, हे मला दिसत होतं. ताईंनी दुसऱ्याच दिवशी खालच्या गावात बैठक लावली. शाळेच्या आवारात जनावरांनाही जागा द्यायची, हे पटवायला त्यांना उन्हाळा गेला. मेहबूबभाईंनी भावाच्या गॅरेजमधले जुने पत्रे आणून कुंपण घातलं. आबांना निरोप दिला. उत्तर आलं, "बघू की!"

*

आणि मग यंदाची ती सकाळ. पाऊस थांबायचं नाव घेईना. आबांचा फोन लागेना. जीप गेली तिथवर गेलो, पुढे पायी. वस्तीवर पोचलो तर सामसूम. दारांना कड्या, चुली गार, गोठे रिकामे. आबांना हाका मारून मेहबूबभाईंचा घसा बसला. ताई तिथंच दगडावर बसल्या. मी त्यांना उठवलं आणि आम्ही पळत खाली आलो.

शाळेच्या व्हरांड्यात अख्खी वस्ती उभी होती! शेरडांच्या पायवाटेनं उतरले होते, म्हणून आमची चुकामूक झाली. ताई आबांपाशी पोचतायत तोवर वरून आवाज आला. डोंगरच बोलल्यासारखा. झाडं, माती, दगड, सगळं ओढ्याकडच्या घरांवरून खाली गेलं. ताईंनी आबांचे दोन्ही हात धरले आणि रडायला लागल्या. मीही रडलो, लपवायचं काय त्यात!

डोळे पुसल्यावर ताईंच्या लक्षात आलं, आबा नखशिखांत भिजलेत. सगळ्या बाया-बाप्यांची तीच गत. घोंगड्यांतून पाणी निथळतंय.

"अहो आबा, आत वर्ग एवढा मोठा आहे! बाहेर का कुडकुडताय?"

ताईंनी दार ढकललं. आत सतरंजीवर लेकरं, भिंतीला टेकून म्हाताऱ्या, आणि बाकी फळ्यापर्यंत नुसत्या शेळ्या!

"आबा! अहो, हे काय?"

"तुमीच शिकवलं न्हवं का ताई? आधी लेकरं, म्हातारी आन पोटुशी आत घ्यायची." आबांनी आपल्या शेजारी बघितलं. तिथं भिजलेल्या गड्यांच्या रांगेत दाढ्या ठिबकवत बोकड उभे होते. "हात लावून बघा, आत समद्या गाभण हायेत. बोकड एकबी घुसू दिला न्हाई!"